कला आहे, पण कागद कुठे आहे?

महालात दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास एक चक्कर मारा. बडकस चौक, कोतवाली, चिटणीस पार्क, गांधी गेट... कुठल्या ना कुठल्या देवळातून, नाहीतर जुन्या वाड्याच्या पडवीतून पेटीचा सूर आणि खंजिरीचा ठेका ऐकू येतोच. जेवणं आटोपलेली असतात, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून अवकाश असतो. मधले हे दोन तास बायांच्या भजनाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या घराघरांत पोचली, आणि आज ती सर्वांत जास्त वाजते ती महिला भजनी मंडळांतच.

या मंडळांचा खर्च कसा चालतो? महिन्याची वर्गणी, एखाद्या उद्यापनाला किंवा बारशाला मिळालेली बिदागी, आणि अगदीच अडलं तर कोणाच्या तरी यजमानांपुढे केलेला हात. पेटीचा भाता फाटला, तबल्याची पुडी गेली की दोन-तीन महिने तसंच रेटायचं. "सरकारकडून काही मिळतं का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आपल्याला कोण देऊन राहिलं, बाई!"

पण मैत्रिणींनो, मिळतं. थोडं मिळतं, सगळ्यांना मिळत नाही, पण मिळतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये वाद्यं आणि साहित्य घेण्यासाठी जाहीर केले. म्हणजे एकूण साडेचार कोटी. राज्यात ३६ जिल्हे, तेव्हा सरासरी काढली तर जिल्ह्यामागे ५० मंडळं. पंचवीस हजारांत एक चांगली पेटी, तबल्याची जोडी आणि टाळ सहज येतात.

आता खरी गंमत ऐका. सुरुवातीला अर्जासाठी जाहीर झालेली मुदत होती जेमतेम पंधरवड्याची, आणि तीही गणपतीच्याच दिवसांत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याच आठवड्यात आपल्याकडे महालक्ष्म्या! सोळा भाज्या, पुरण, आंबील, शंभर पानं उठवायची, सवाष्णी-ब्राह्मण बघायचे. त्या गडबडीत कोण बँकेचं पासबुक शोधणार आणि कोण फोटो काढायला जाणार? ज्या मंडळांची फाईल आधीपासून तयार होती, त्यांनी अर्ज भरले. ज्यांची नव्हती, त्यांच्यासाठी बातमी ही बातमीच राहिली.

सांगायचा मुद्दा हाच. अनुदान मिळत नाही याचं कारण दर वेळी वशिला किंवा राजकारण नसतं. पुष्कळदा आपल्याजवळ कागदच नसतो. आणि कागद नसण्याचं हे दुखणं पुरुषांच्या मंडळांपेक्षा बायांच्या मंडळांना फार जास्त आहे.

राजाश्रय होता, तेव्हा अर्ज नव्हता

महालाला कलेचा आश्रय नवा नाही. या वस्तीचं नावच मुळी भोसल्यांच्या महालावरून पडलं. पितृपक्षात, जेव्हा कुठेच काही शुभकार्य नसतं, तेव्हा भोसल्यांच्या वाड्यात गणपती बसतो. कोणी त्याला मस्कऱ्या गणपती म्हणतं, कोणी हडपक्या. बंगालच्या स्वारीवरून चिमणाबापू भोसले परतले तोवर घरचा गणपती विसर्जित झाला होता, म्हणून विजयाच्या आनंदात पुन्हा गणपती बसवला, अशी त्यामागची कथा सांगितली जाते. या गणपतीपुढे लावण्या होत, खडीगंमत होई, नकलाकार पोट धरधरून हसवत. कलावंताने आपली कला दाखवायची, राजाने खूष होऊन शेला-पागोटं द्यायचं. अर्ज नाही, झेरॉक्स नाही, उत्पन्नाचा दाखला नाही.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि तो राजाश्रय ओसरला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५४-५५ पासून, राज्य सरकारने वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची योजना सुरू केली. आश्रय पुन्हा आला, पण रीत बदलली. राजा गाणं ऐकून द्यायचा. सरकारी कचेरीतला कारकून गाणं ऐकू शकत नाही, त्याला कागद वाचता येतो. त्याचा त्यात काही दोष नाही. समोर पाचशे अर्ज असतील तर तो कागदच बघणार.

बाईच्या कलेला पुरावा का नसतो?

आता आपल्या घरातलीच एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. अशी आजी प्रत्येक मोहल्ल्यात असते. पन्नास वर्षं गाते आहे. भुलाबाईची गाणी तिला रात्रभर पुरतील एवढी पाठ, गवळणी पाठ, भारूड पाठ, जात्यावरच्या ओव्या तर विचारूच नका. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मोहल्ल्यातल्या पोरी तिच्याचभोवती. पण तिच्याजवळ पंधरा वर्षं गायल्याचा पुरावा मागितला तर? एक कागद निघत नाही.

याची कारणं साधी आहेत. पहिलं म्हणजे बाई जे गाते ते घरचं, देवाचं, सणाचं समजलं जातं. त्याची पत्रिका छापत नाहीत. छापलीच तर त्यावर मंडळाचं नाव असतं, गाणारीचं नसतं.

दुसरं कारण नावाचं. लग्नाआधी शाळेत, मेळ्यात, आकाशवाणीवर गायलेली मुलगी एका नावाची असते आणि लग्नानंतर दुसऱ्याच. आपल्याकडे कित्येक घरांत आडनावच नाही तर पाळण्यातलं नावही बदलतं. मग बक्षिसाचं प्रमाणपत्र कुमारी अमुकच्या नावाचं, आधार कार्ड सौभाग्यवती तमुकच्या नावाचं. कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाया! अशा वेळी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र कामी येतं. ते नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं. राजपत्रात नावबदल छापून घेतला असेल तर उत्तमच.

तिसरं कारण आपल्या मनातलं. कुठलाही अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात आपण डोळे मिटून 'गृहिणी' लिहितो. गृहिणी आहोतच, त्यात कमीपणा काहीच नाही. पण चाळीस वर्षं ढोलकी वाजवणारी बाई 'कलाप्रकार' या रकान्यापुढे थबकते. "आम्ही कुठल्या कलावंत, आम्ही आपल्या देवाचं नाव घेतो," म्हणते. देवाचं नाव घेणारा कीर्तनकार कलावंत म्हणून मान घेतो, मग आपणच का मागे सरायचं?

आजीचं मानधन

वर सांगितलेल्या मानधन योजनेचं आताचं नाव राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि वर्गाप्रमाणे रक्कम कमी-जास्त मिळायची. २०२४ मध्ये नियम बदलले आणि एप्रिल २०२४ पासून सर्वांना सरसकट महिना ५,००० रुपये ठरले.

त्या नियमांतल्या मुख्य अटी अशा. वय ५० पूर्ण हवं, दिव्यांग असल्यास ४०. कलेच्या किंवा साहित्याच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम हवं. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत हवं. एका वर्षात एका जिल्ह्यातून १०० जणांचीच निवड होते, हे लक्षात ठेवा, म्हणजे पहिल्या वर्षी नाव आलं नाही तर निराश व्हायला होणार नाही. कलावंताच्या मृत्यूनंतर मानधन पती किंवा पत्नीला पुढे चालू राहतं. म्हणून ज्यांचे यजमान शाहीर, कीर्तनकार, दंडारीतले कलावंत होते आणि मानधन घेत होते, त्या भगिनींनी घरी बसून राहू नये, वारसाचा अर्ज द्यावा.

निराधार किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेतून दरमहा पैसे मिळत असतील तर दोन्ही एकत्र चालतात की नाही, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्या. मागून वसुली निघाली की फार मनस्ताप होतो. अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात, पण चौकशीची पायरी जुनीच. वर्षानुवर्षं हे काम जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि पंचायत समित्या पाहत आल्या आहेत, तिथून सुरुवात करावी. अटी मधूनमधून बदलतात, म्हणून ताजा शासन निर्णय पाहूनच कागद गोळा करावेत.

आणखी कुठे दार ठोठवायचं?

तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी, लावणी अशा कलापथकांसाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची वेगळी अनुदान योजना आहे. त्यात पथकाला सामानासाठी आणि प्रयोगांसाठी मदत मिळते. नागपुरातच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासून. लोप पावत चाललेली एखादी लोककला जाणणारी बाई आणि ती शिकायला तयार असलेल्या चार मुली असतील, तर गुरू-शिष्य परंपरेच्या योजनेत गुरूला, साथीदाराला आणि शिष्यांना ठरावीक काळ मानधन मिळू शकतं. भुलाबाईची गाणी, दंडार, भारूड यांना अशा ठिकाणी किंमत आहे.

आता आपल्या गावच्या कचेरीचं. महापालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, इथे रोख पैसे मागण्यापेक्षा वस्तू किंवा सोय मागणं जास्त फळतं असं दिसतं. सभागृह सवलतीत द्या, सरावाला समाजमंदिराची खोली द्या, कार्यक्रमाला मंडप आणि माईकची सोय करा. ही मागणी लहान असते, ती मान्य करायला कोणाला जड जात नाही. नागपुरात महापालिकेचं कविवर्य सुरेश भट सभागृह रेशीमबागेत २०१७ मध्ये झालं, पण आपल्या पंचवीस बायांच्या मंडळाला दोन हजार खुर्च्या कशाला हव्यात? शाळेचा हॉल रविवारी दुपारी मिळाला तरी आनंद आहे.

अर्ज कधी द्यायचा याला मात्र महत्त्व आहे. सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं, आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प त्याआधी ठरतो. म्हणून पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी यंदा दिवाळी झाली की लगेच अर्ज टाकावा. महापालिकेत आणि नगरपरिषदेत महिला व बालकल्याण समिती असते, तिच्या सभापतींच्या नावे एक प्रत द्यावी. खेड्यातल्या मैत्रिणींनी ग्रामसभेच्या आधी लेखी मागणी द्यावी आणि ग्रामसभेला दहा जणींनी मिळून हजर राहावं. एकटी बाई बोलली तर कोणी ऐकत नाही, दहा जणी नुसत्या समोर बसल्या तरी ऐकतात.

फाईल कशी करायची?

एक जाड फाईल आणि एक रजिस्टर, एवढाच खर्च. पुढच्या सोमवारी किंवा एकादशीला मंडळ जमेल तेव्हाच सुरुवात करा.

१. रजिस्टरमध्ये प्रत्येक कार्यक्रमाची नोंद. तारीख, ठिकाण, कोणी बोलावलं, कोण कोण गायलं-वाजवलं. नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहायची. 'पिंटूची आई' आणि 'वरच्या माळ्यावरच्या काकू' नकोत.

२. जिथे कार्यक्रम झाला तिथून दोन ओळींचं पत्र. देवस्थान, शाळा, गणेश मंडळ, कोणीही. लेटरहेड, तारीख आणि शिक्का हवा. बिदागी नाही दिली तरी चालेल, पण पत्र मागायला लाजू नका.

३. फोटो. मागे बॅनर दिसेल आणि त्यावर तारीख असेल असा एक तरी. फोटोच्या मागे पेनाने सर्व जणींची नावं. मोबाईलमधले फोटो मोबाईल बिघडला की जातात, वर्षातले चार-पाच छापून ठेवा.

४. वर्तमानपत्रात आलेली बातमी. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख राहील असं कापा.

५. जुना पुरावा. लग्नाआधीची प्रमाणपत्रं, आकाशवाणीचं पत्र, स्पर्धेचं ढाल-प्रशस्तिपत्र. माहेरच्या ट्रंकेत असेल तर या राखीला जाल तेव्हा शोधून आणा.

६. प्रत्येकीचे वैयक्तिक कागद. आधार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला ठरावीक मुदतीचाच असतो, त्यामुळे तो अर्जाच्या वेळी सेतू केंद्रातून नवा काढावा.

७. मंडळाच्या नावाचं बँक खातं. हे फार महत्त्वाचं. पुष्कळ मंडळांचा पैसा अध्यक्षबाईंच्या खात्यात किंवा त्यांच्या मुलाच्या खात्यात असतो. विश्वास आहे, ठीक आहे, पण सरकार अनुदान मंडळाला देतं, मुलाला नाही. मंडळाचा ठराव करून, मंडळाचं पॅन कार्ड काढून, दोघींच्या सहीने चालणारं खातं उघडा.

नोंदणी करावी का, असा प्रश्न पुढे येतोच. सात जणी एकत्र आल्या की सोसायटी नोंदणी अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवता येते. कित्येक योजनांना नोंदणी लागतेच. पण नोंदणी म्हणजे नुसता दाखला नाही. त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, कार्यकारिणी बदलली तर कळवावं लागतं. घरचं सून-नातवंडांचं करून हे सांभाळणारी एक तरी कॉमर्स झालेली मुलगी मंडळात असेल तर जरूर करा. नसेल तर आधी दोन वर्षं रजिस्टर आणि खातं नीट चालवा, मग नोंदणीचं बघा.

पैसे मिळाले, पुढे काय?

अनुदान मिळालं की पेढे वाटून काम संपत नाही. ज्या कामासाठी पैसे मिळाले त्याच कामाला ते लागले, असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून वाद्यं घेण्याआधी दोन-तीन दुकानांतून लेखी भाव आणा, त्याला दरपत्रक म्हणतात. बिल पक्कं घ्या, आणि ते मंडळाच्याच नावाचं असू द्या. पैसे खात्यातूनच द्या, रोख नकोत. पेटी-तबल्यावर मंडळाचं नाव घालून एक फोटो काढून ठेवा. रजिस्टरमध्ये कोणती वस्तू कोणाच्या घरी ठेवली आहे तेही लिहा. भांडणं पैशांवरून कमी आणि 'पेटी तिच्याच घरी का?' यावरून जास्त होतात, हे आपल्याला सांगायला नको!

आणखी एक सावधगिरी. "काकू, तुम्ही फक्त आधार द्या, बाकीचं मी करून देतो, पास झालं की एवढे द्या," असं म्हणणारे प्रत्येक कचेरीच्या दाराशी उभे असतात. सेतू केंद्राची ठरलेली फी सोडली तर कोणाला एक रुपया द्यायची गरज नाही. मोबाईलवर आलेला ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही. अर्ज भरल्यावर पोच घ्या, तिची झेरॉक्स फाईलमध्ये लावा. सहा-सहा महिने उत्तरच आलं नाही, तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज, आणि ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक. 'माझा अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय निर्णय झाला,' एवढंच विचारा. भांडण न करता कागदाने विचारलं की पुष्कळदा कागद हलतो.

पैसा नाही मिळाला तरी

एवढं सगळं करून अनुदान मिळेलच का? खात्री कोणीच देऊ शकत नाही. जिल्ह्यात शंभर जागा आणि अर्ज हजार, असंही होतं. मग या फाईलचा उपयोग काय?

उपयोग असा की, त्या रजिस्टरात प्रथमच लिहिलेलं असेल की अमुक गल्लीतल्या अमुक बाईने अमुक साली भारूड केलं, ढोलकी वाजवली, ऐंशी भुलाबाईची गाणी मुलींना शिकवली. आपल्या आज्या-पणज्यांनी एवढं गायलं, त्यातल्या एकीचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. गाणी उरली, गाणाऱ्या विसरल्या गेल्या. निदान आपल्या वेळेपासून तरी असं होऊ नये. उद्या एखादी मुलगी विदर्भातल्या बायांच्या गाण्यांवर पीएच.डी. करायला बसली, तर तिला तुमचं रजिस्टर सोन्यासारखं वाटेल.

शिवाय सराव होतो. रजिस्टर लिहिता लिहिता मंडळातली सर्वांत बुजरी सून ठराव लिहायला शिकते, बँकेत एकटी जाऊन येते, अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून बोलते. पुढे घरचं काम असो की शेताचा फेरफार, तिचं कुठे अडत नाही.

पुढची जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही. पुन्हा महालक्ष्म्यांच्याच दिवसांत निघाली, तर निदान या वेळी पुरण वाटता वाटता मुलीला एवढं सांगता आलं पाहिजे, "ती कपाटातली फाईल घे आणि सेतूत जा." मग मैत्रिणींनो, रजिस्टर कधी विकत आणताय? पहिल्या पानावर मंडळातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचं पूर्ण नाव लिहा, आणि तिला तिथे सही करायला सांगा. सही येत नसेल तर अंगठाही चालतो.